खरेदीखतात नसलेली ओळ

जुन्नरचं घर मी राहण्यासाठी घेतलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. बायकोला, कचेरीतल्या लोकांना, वडिलांनाही. ते खरं नाही. ते घर मी त्याच्या एका भिंतीसाठी घेतलं, आणि ती भिंत शेजारच्या माणसाच्या हातून काढून घ्यायची म्हणून घेतलं. त्यासाठी दृष्टी अधू झालेल्या एका म्हाताऱ्यासमोर मी न लिहिलेली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. चूक माझी होती, ठरवून केलेली होती, आणि ती करताना मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना मला स्वतःची बाजू सावरता येणार नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी मंचरच्या एका कचेरीत कारकून होतो. जुन्नरच्या वेशीबाहेर, मोटारस्टँडपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा नोकरदारांची एक वस्ती वाढत होती. सकाळी पुण्याकडची एस.टी. धरायची, कुणी नारायणगावला उतरायचं, कुणी मंचरला, आणि दिवेलागणीला परतायचं. या नव्या, बुटक्या घरांच्या मधोमध एकच जुनं घर होतं. आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या आजोबांनी बांधलेलं. पाच खणांचं, वर माडी, घडीव दगडाचं जोतं, सागवानी खांब. दिवा ठेवायला प्रत्येक खोलीत कोनाडा. जिना इतका अरुंद की वर चढताना दोन्ही खांदे भिंतीला लागायचे. घर पाहायला गेलो तेव्हा मी रीतसर सगळं केलं. खांबांवर टिचक्या मारून वाळवी लागली आहे का पाहिलं, कौलं मोजली, मोरीत पाणी ओतून बघितलं. पण मन तिथं नव्हतं. मागच्या दारानं बाहेर पडलो आणि दक्षिणेच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो.

ती भिंत जुन्नरात माहीत होती. चुन्याच्या गिलाव्याची, वर्षानुवर्षं गुळगुळीत दगडानं घोटलेली. हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा वाटे. भिंत आणि तिच्यालगतची मोकळी पट्टी मास्तरांच्या मालकीची, पण तिचा उपयोग करत ते शेजारचे कागदी चाचा. चिंध्या आणि जुनं गोणपाट कुटून त्याचा लगदा करायचा, तो साच्यावर उचलून त्याचा कागद करायचा, हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा. ओला कागद वाळवायला गुळगुळीत, उन्हातली भिंत लागते. ब्रशानं एकेक ताव भिंतीवर चिकटवायचा आणि वाळला की सोलून घ्यायचा. चाचांच्या स्वतःच्या घराची भिंत उत्तरेकडं आणि गल्लीच्या सावलीत. म्हणून मास्तरांच्या आजोबांनी त्यांच्या आजोबांना सांगून ठेवलं होतं, भिंत वापरा, आणि दर दसऱ्यानंतर ती चुन्यानं सारवून, घोटून द्या. याचा कुठं कागद झालेला नव्हता. कागद करणाऱ्यांच्या घरात याची कुणाला गरजही वाटली नव्हती.

आता माझं वैर काय होतं ते सांगतो.

मी बोरी बुद्रुकचा. शिकायला जुन्नरात एका खोलीत राहत होतो. बारा-तेरा वर्षांचा असेन. शाळेची वाट त्या भिंतीजवळूनच जायची. एका शनिवारी आमचा चेंडू तिथं गेला म्हणून चाचांनी आम्हाला हाकललं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही चौघांनी पैज लावली. बाभळीची फोकटी घेऊन मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळालो. ओल्या कागदाचा फाटताना आवाज होत नाही. फोकटी नुसती लोण्यातून जावी तशी गेली आणि मागं कागद गळून पडत राहिले. बाकीचे तिघं पसार झाले. मला चाचांनी धरलं.

रविवार म्हणजे जुन्नरचा बाजार. माझे वडील बोरीहून कांदा घेऊन आले होते. चाचांनी माझा कान धरला तो सोडलाच नाही. तसंच ओढत त्यांनी मला बाजारातून, कापडवाल्यांच्या आणि भांडीवाल्यांच्या पुढून, वडिलांच्या कांद्याच्या ढिगापर्यंत नेलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "ह्यो तुमचाच का? ह्याला शाळा कशाला शिकवताय, कागद फाडायला?"

लोक हसले. वडील उठले. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि चाचांच्या पायाशी ठेवलं.

मी हिसडा देऊन कान सोडवला आणि पळालो, तो थेट नदीपर्यंत.

पुढची वीस-बावीस वर्षं ते पागोटं माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. धुळीत, कांद्याच्या टरफलांत ठेवलेलं, आणि त्याच्यासमोर लगद्यानं पांढरे झालेले चाचांचे पाय. वडिलांनी तो विषय कधी काढला नाही, मीही विचारलं नाही, आणि रविवारी बाजाराकडं पुन्हा फिरकलो नाही. मी शिकलो, अक्षर सुधारलं, नोकरीला लागलो. कचेरीत जुन्या दप्तरातला जुन्नरी कागद हातात आला की माझा कान तापायचा. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, खरंच तापायचा. शेजारचा कारकून विचारायचा, ताप आलाय का म्हणून.

मास्तर घर विकून पुण्याला मुलाकडं जाणार आहेत असं कळलं, तेव्हा मी त्याच दिवशी त्यांच्याकडं गेलो. पैसे कसे उभे केले ते सांगण्यात अर्थ नाही, माझ्यासारखे सगळेच कसे उभे करतात तसेच केले. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खरेदीखत कुणाकडून लिहून घ्यायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा ते म्हणाले, "तूच लिही. तुझं अक्षर मीच वळवलंय." आणि मग, "चाचाच्या भिंतीचं तेवढं त्यात घाल. मी गेल्यावर घर कुणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही."

मी घालतो म्हणालो.

खत घरी बसून लिहिलं. चतुःसीमा लिहिल्या, खांब, कौलं, कोनाडे, मागचं दार, सगळं लिहिलं. भिंतीची ओळ लिहिली नाही. ती मी पाठ केली. "दक्षिणेकडील भिंतीवर शेजारी कागदी यांची कागद वाळविण्याची पूर्वापार वहिवाट आहे, ती तशीच चालू ठेवणेची आहे." अजूनही ती मला झोपेतून उठवून विचारली तर म्हणता येते.

सब-रजिस्ट्रारकडं जाण्याआधी मास्तरांच्या ओट्यावर मी खत वाचून दाखवलं. चाचा पायरीवर बसले होते, मास्तरांनीच त्यांना बोलावलं होतं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी साहेबी टोपीतला, चष्म्यातला कारकून, आणि ते मला "भाऊसाहेब" म्हणत होते. मी चतुःसीमा संपवल्या आणि सूर न बदलता पाठ केलेली ओळ म्हटली. म्हणताना कागदावरून बोटही फिरवलं. त्या बोटाखाली मोरीच्या फरशीचा मजकूर होता.

"पुन्हा वाच तेवढं," मास्तर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडं झाला नाही. चाचांनी छातीला हात लावला आणि म्हणाले, "बास झालं मास्तर, लई झालं." साक्षीला माझ्या कचेरीतले दोघं होते. साक्षीदार जसे न वाचता सही करतात तशी त्यांनी केली. सब-रजिस्ट्रारनं मास्तरांना विचारलं, मजकूर समजला का. मास्तरांनी समजला म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं छातीत धडधडेल. तसं काही झालं नाही. बाहेर येऊन मी दोन पेढे खाल्ले.

दसरा होईपर्यंत मी वाट पाहिली. चाचा आणि त्यांची बायको चुन्याची घमेली घेऊन पट्टीत आले, तेव्हा मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. मी त्यांना भिंतीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. चाचांना आधी वाटलं, मी थट्टा करतोय. मग ते म्हणाले, "भाऊसाहेब, मास्तरांनी लिहून दिलंय न्हवं? तुमीच वाचलं की."

मी आत जाऊन खरेदीखत आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. "मग दाखवा कुठं आहे ते."

त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी खत डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग दोन बोटांत त्याचा कोपरा चोळला.

"मिलचा कागद हाय," ते म्हणाले. "धा-पंधरा वर्सात तुकडं पडतील ह्याचं."

"तोवर घर माझंच आहे," मी म्हणालो. आणि मग, ज्यासाठी इतकी वर्षं थांबलो होतो ते बोललो. "रविवारच्या बाजारात एका पोराचा कान धरून आणला होता तुम्ही. बोरीच्या. आठवतंय?"

त्यांनी माझ्या कानाकडं बघितलं. मग त्यांनी खत घडी करून माझ्या हातात दिलं, घमेलं उचललं आणि बायकोला म्हणाले, "चल." बस्स. मला त्यांनी गयावया करायला हवं होतं. टोपी काढायला हवी होती. ते न झाल्यामुळं माझं समाधान झालं नाही, आणि म्हणून मी पुढची गोष्ट केली.

मी चार दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि भिंतीला टाचे मारायला गवंडी बोलावला. टाचे म्हणजे छिन्नीनं सगळ्या भिंतीवर खड्डे पाडायचे, नवा गिलावा धरावा म्हणून. मला नवा गिलावा करायचाच नव्हता. गवंड्यानं आधी भिंतीवर तळहात फिरवला आणि म्हणाला, "अशी भिंत आता व्हायची न्हाई, राव. इचार करा." मी म्हणालो, मार. दोन दिवस चुन्याच्या खपल्या पडत होत्या, अंड्याच्या कवचासारख्या पातळ, थरावर थर. खुर्ची टाकून मी दोन्ही दिवस बघत बसलो. प्रत्येक घाव मला गोड लागला. पलीकडं चाचांच्या घरातून लगदा कुटण्याचा आवाज येत होता, तो दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला.

बायको बेल्ह्याची. जनावरांच्या बाजारात वाढलेली, फटकन बोलणारी. तिनं एवढंच विचारलं, "अहो, भिंतीनं तुमचं काय घोडं मारलंय?" त्या दिवसापासून तिनं पट्टीत पाऊल टाकलं नाही. मागचं दार ती उघडेचना.

चाचांनी धंदा सोडला नाही. वह्यांच्या दुकानदारांची दिवाळीची मागणी अंगावर होती. गावाच्या दुसऱ्या अंगाला, नदीकडं एक पडीक वखार होती, तिच्या भिंतीवर ते कागद लावायला लागले. पण लगदा घरी आणि भिंत तिकडं. ओल्या तावांची चवड डोक्यावर घेऊन सकाळी ते मोटारस्टँडवरून चालत जायचे, मागं बायको ब्रश आणि बादली घेऊन. ओली चवड हलली की चुरगळते. ते मान ताठ ठेवून, पावलं मोजून टाकल्यासारखे चालत. मी एस.टी.त त्या बाजूची खिडकी धरून बसायचो, त्यांना बघायला मिळावं म्हणून. हे महिना-दीड महिना चाललं. पुढं कधीतरी मी दुसऱ्या बाजूला बसायला लागलो. पश्चात्ताप झाला म्हणून नाही, एवढंच की तोच तो देखावा रोज बघून माणूस कंटाळतो, असं मी स्वतःला सांगत होतो.

मास्तरांचं पुण्याहून कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. दसऱ्यानंतर घरात ताज्या चुन्याचा वास भरायचा, त्याची आठवण येते, चाचाची घोटाई झाली का ते कळव, असं होतं. मी कळवलं नाही. थंडीत दुसरं कार्ड आलं, ते त्यांच्या मुलाचं होतं. मास्तर गेले होते. त्यांना खरं सांगणं माझ्या हातून राहून गेलं ते कायमचं.

संक्रांतीनंतर वडील घर बघायला आले. मी या दिवसाची किती वाट पाहिली होती ते कसं सांगू. त्यांना जोतं दाखवलं नाही, माडी दाखवली नाही, सरळ मागं नेलं. त्यांनी भिंत बघितली आणि दचकून विचारलं, "ह्ये कुणी केलं?"

"मी केलं," म्हणालो. आणि का केलं तेही सांगितलं. पागोट्यापासून सगळं. वाचलेल्या ओळीचंही सांगितलं, तेही अभिमानानं.

वडील जोत्यावर बसले. पायाखालच्या चुन्याच्या खपल्या चिवडू लागले.

"पागोटं मी ठिवलं," ते म्हणाले. "त्यानं ठिव म्हणून सांगितलं न्हवतं. तुझ्या एका फोकटीत त्याचं आठ दिसाचं काम मातीत गेलं. मी दुसरं काय देनार व्हतो?"

"सगळा बाजार हसला, दादा."

"हसला. आन मग त्येनंच पागोटं उचललं, झटाकलं, सोताच्या हातानं माझ्या डोक्यावर ठिवलं. म्हनला, पावणं, रागाच्या भरात जीभ सुटली, पोटात घाला. घरी नेऊन च्या पाजला. त्या रोजापासनं दर रविवारी आमी बाजारातच संगं च्या पितोय, पर ह्या भितीचं त्यानं मला कळू दिलं न्हाई."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू इचारलंस कवा? पळाला न्हसतास तर तुलाबी दिसलं असतं."

हे बोलून ते उठले, पट्टीतून सरळ चाचांच्या दारात गेले आणि आत शिरले. एस.टी.ची वेळ झाली तेव्हा तिथूनच परस्पर स्टँडवर गेले. माझ्या घरचं त्यांनी पाणीही घेतलं नाही.

मला आधी राग आला तो वडिलांचाच. इतकी वर्षं मी जे उराशी धरून होतो, ते त्यांनी बाजारातच चहाबरोबर गिळून टाकलं होतं आणि मला सांगितलंही नव्हतं. सुडाची चटक लागलेल्या माणसाला कुणी त्याचा सूड काढून घेतला की तो उघडा पडतो. आठ दिवस मी बायकोवर, पोरांवर, कचेरीतल्या शिपायावर ओरडत होतो. नवव्या दिवशी मंचरहून येताना एस.टी. स्टँडवर थांबली आणि समोर चाचा दिसले. डोक्यावर चवड नव्हती. हातात फाटके, वाळलेले ताव होते, ते परत लगद्यात घालायला घरी नेत होते. मी खाली उतरलो आणि त्यांच्या मागून, दहा पावलं अंतर ठेवून, घरापर्यंत चालत गेलो. हाक मारायचं धाडस झालं नाही.

तोच गवंडी पुन्हा बोलावला. त्यानं चुना लावून दिला, पण म्हणाला, आमच्याकडून गिलावा व्हईल, घोटाई व्हायची न्हाई, ती त्यांच्याच घरच्यांचं काम. मग मी कराराचा नवा लेख लिहिला. जी ओळ पाठ म्हटली होती तीच, शब्दन् शब्द, खाली माझी सही, आणि माझ्यामागं घर ज्याच्याकडं जाईल त्यालाही ती बंधनकारक राहील अशी जोड. तो घेऊन मी चाचांच्या दारात गेलो. चाचांनी आत बोलावलं नाही, बाहेरच उभे राहिले.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं.

"मागल्या बारीबी असंच वाचलं व्हतं तुमी," ते म्हणाले. "अक्षी हेच."

त्यांनी कागद हातात घेतला नाही. रविवारी बाजारात या म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेईन.

रविवारी गेलो. त्यांचा कागद घेणारा एक वह्यांचा दुकानदार होता, त्याच्या फळीपुढं चाचा उभे होते, आणि शेजारी माझे वडील कांद्याच्या पोत्यावर बसले होते. दुकानदारानं चष्मा लावला आणि लेख मोठ्यानं वाचला. एकदा वाचून झाल्यावर चाचांनी त्याला पुन्हा वाचायला लावलं. चार माणसं थांबली, मग आणखी चार. कापडवाले, भांडीवाले, मला ओळखणारे आणि न ओळखणारे. ओळ होती तिथंच होती. चाचांनी कागद बोटांत चोळला, त्याची घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवला. मग माझ्याकडं वळले.

"ह्यात हाय ते समजलं," ते म्हणाले. "ह्यात न्हाई ते आता तुमी सांगा, भाऊसाहेब."

मी टोपी काढायला हात वर नेला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. टोपी काढून सुटका नव्हती, तोंडानंच बोलायला हवं होतं. वडील कांद्याकडं बघत होते. बाजार चालू होता, आणि फक्त चाचांना ऐकू येईल एवढ्याच आवाजात बोलून चालणार नव्हतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"चाचा, मास्तरांच्या ओट्यावर मी जी ओळ वाचली, ती मी लिहिलीच नव्हती. मास्तरांना दिसत नव्हतं आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ते केलं. त्याच्या आधी लहानपणी तुमचे कागद मीच फाडले होते, मुद्दाम. आणि तुम्ही माझ्या वडिलांचं पागोटं उचललंत तेव्हा बघायला मी थांबलो नाही. मास्तरांची माफी मागायची वेळ गेली. तुमची मागतो. माझं चुकलं."